सरांच्या घरचं विदेशी गाणं

४ जानेवारी

रेडिओ माळ्यावर टाकला. कायमचा!

सकाळी कोणत्या तरी केंद्रावर जुनं मराठी गाणं लागलं आणि रुख्मिणीचे ओठ हलायला लागले. चाल सगळी डोक्यात आहे तिच्या — चेहऱ्यावर दिसतं ना! शब्द तेवढा येत नाही. तोंड उघडते आणि आत काहीच नाही. मग डावा हात, चालतो तेवढा एकच, खाटेवर आपटत बसते. रेडिओ बंद केला तरी आपटत होती.

विहारात पौर्णिमेला हिच्याशिवाय गाणं सुरू व्हायचं नाही. रोहिणखेडात कोणाचं मयत झालं तरी पहिली धावणार हीच. रडणाऱ्यांना पोटाशी धरायची आणि मग त्यांच्याच चुलीवर त्यांच्याचसाठी चहा ठेवायची. पोळ्याच्या सुमारास भाकर थापता थापता खाली बसली ती बसलीच. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. बुलढाण्याचे डॉक्टर म्हणाले होते, तीन-चार महिन्यांत जे यायचं ते येतं. ते महिने सरले. पुन्हा विचारायला गेलो नाही. उत्तर माहीत असलेले प्रश्न वर्गात विचारायचे असतात, डॉक्टरांना नाही.

मला फार नको. "मास्तर" एवढंच पाहिजे. लग्न झाल्यापासून तिनं मला दुसरी हाक मारली नाही. "मास्तर, च्या गार होऊन राह्यला." एकदा तसं ऐकू आलं की बास.

७ जानेवारी

आमच्या पोरानं, सागरनं, पुण्याहून स्पीकर पाठवला. लोट्याएवढा. सोबत चिठ्ठी नाही. शेजारची पुष्पांजली — गोजरबाईची सून — फोनला जोडून देऊन गेली. "काका, आवाज इथून वाढवाचा, इथून कमी कराचा. बस." तिच्या छकुलीच्या दहावीच्या परीक्षेचं टेन्शन पोरीपेक्षा तिलाच जास्त.

मी बासरी लावली. बासरीला शब्द नसतात, म्हटलं रडणार नाही. ती संपली आणि फोननं आपल्याच मनानं दुसरं काहीतरी लावलं. तारेचं वाद्य, आणि एक माणूस घोगऱ्या आवाजात काहीतरी सांगतोय. एक अक्षर कळेना. बंद करायला उठलो, तर रुख्मिणी बघतेय! स्पीकरकडे. हात आपटत नाही, ओठ हलवत नाही. नुसती ऐकतेय.

फोनवर लिहिलं होतं, माली. पश्चिम आफ्रिका, राजधानी बामाको, नायजर नदी. पोरांकडून इतकी वर्षं घोकून घेतलं. तिथली माणसं गात असतील हे पुस्तकात नव्हतं.

१० जानेवारी

आता लक्षात आलं. मराठी गाण्यात तिला कळतं की आपलं काय हरवलंय. मालीवाल्याचं मलाही कळत नाही आणि तिलाही कळत नाही. दोघं सारखेच अडाणी! या खोलीत तेवढ्यापुरती ती आजारी नसते.

११ जानेवारी

अल्बम म्हणजे आमच्यासाठी लग्नाचे फोटो. इथं गाण्यांच्या गठ्ठ्याला अल्बम म्हणतात. एकातून दुसऱ्यात शिरत जायचं. खाली आकडा असतो, किती जणांनी ऐकलं त्याचा. मी कमी आकड्याचे शोधतो. गर्दीची गाणी सगळीकडून सारखीच ऐकू येतात. आज एका बेटावरच्या म्हाताऱ्याचा सापडला. त्याच्या बेटावर तरी कोणी ऐकत असेल की नाही कोण जाणे, पण रोहिणखेडात ऐकलं गेलं!

कपाटातून शाळेचा जुना नकाशासंग्रह काढला. ज्या देशाचं गाणं, ते पान तिच्यासमोर धरतो. केप व्हर्दे म्हणजे मी फळ्यावर खडूनं दिलेलं टिंब. टिंबावर माणसं राहतात आणि त्यांना कोणाची तरी एवढी आठवण येते, हे मला निवृत्तीनंतर कळलं. धन्य ते मास्तर.

१५ जानेवारी

मंगोलियाच्या बाजूचा अल्बम. एकच माणूस एकाच घशातून दोन आवाज काढतो, वरचा शिट्टीसारखा, खालचा चक्कीसारखा. भिंतीपलीकडून गोजरबाई ओरडली, "ओ सर! म्हैस अडली का कोनाची?"

सर म्हणते मला. रुख्मिणीशी मात्र सात वर्षं अबोला. आमच्या शेवग्याची फांदी तिच्या अंगणात गेली, शेंगा तिनं तोडल्या, हिनं चार शब्द ऐकवले, तिनं फांदीच तोडली. एवढंच! हिला झटका आला त्या दिवशी गोजरबाई आमच्या दारापर्यंत आली होती, उंबऱ्यापासून परत गेली. मी पाहिलं होतं. पुष्पांजलीच्या हातून भाजी पाठवते अधूनमधून. स्वतः येत नाही.

१९ जानेवारी

पाठीला जखम झाली आहे. कुशीवर वळवतो, पुसतो, पावडर लावतो. चादरी धुतो. पहिल्यांदा लाजलो होतो, आता नाही. लाजायला माणूस समोर लागतो. ती भिंतीकडे बघत असते.

सागरचा फोन — "बाबा, इकडं आईला ठेवायला एक केंद्र आहे, चांगलं आहे. तुम्हाला झेपत नाही ते." मी म्हणालो, बघू. त्यालाही माहीत आहे की बघू म्हणजे नाही. मग हवापाण्याचं बोललो आम्ही. बापलेक!

खरं लिहायचं तर झेपत नाही.

२३ जानेवारी

बल्गेरियाच्या बायका. पाच-सहा जणी एकदम, आवाजाला आवाज घासून गातात. आपल्याकडे शेतात निंदताना बायका अशाच एकमेकींना ओरडून बोलतात. रुख्मिणीचं डावं बोट चादरीवर ठेका धरत होतं! मी नीट पाहिलं. ठेक्यातच होतं.

व्यायामाला गोकुळ येतो मोताळ्याहून, चांगला पोरगा आहे. त्याला दाखवलं. म्हणे, "सर, ते आपोआप होते. त्याच्यात काई नसते. आशा लावू नका जास्त."

बरं.

२६ जानेवारी

झेंडावंदनाला गेलो नाही. निवृत्तीनंतरही कधी चुकलं नव्हतं.

३० जानेवारी

आज कोणताच अल्बम लावला नाही. काय उपयोग आहे? मी जगभर फिरतोय आणि ही खाटेवरून हलत नाही. तिच्या नावाखाली माझीच करमणूक चालली आहे की काय! "रुख्मिणी, म्हण — मास्तर." सकाळपासून म्हणतोय. शेवटी तिनं डोळे मिटून घेतले. कंटाळली असणार. मीही कंटाळलो.

२ फेब्रुवारी

आज जे झालं ते लिहायला बसलो तर मध्येच हसू येतंय. क्रमानं लिहितो.

नवा अल्बम सापडला. कॉकेशसच्या डोंगरातलं एक गाव. फोनवर चित्र — काळ्या कपड्यातल्या म्हाताऱ्या ओळीनं बसलेल्या. इंग्रजीत लिहिलं होतं की गावात कोणी गेलं तर या बायका असं गातात. तिकडच्या रुख्मिणी! म्हटलं, हिला ओळख पटेल. समोर रामरावची पिठाची गिरणी चालू होती, तिच्या घरघरीत काही ऐकू येईना म्हणून आवाज पूर्ण वाढवला आणि मागे चादरी धुवायला गेलो. नळाखाली.

आमच्याकडे मयताला दार वाजवून जायची पद्धत नाही. रडणं ऐकू आलं की निघायचं. रडणं हेच बोलावणं. आणि त्या म्हाताऱ्या आपल्यासारख्याच रडत होत्या — आधी एक लांब हेल, मग मध्येच तुटणार, मग बाकीच्या सगळ्या एकदम. मास्तरला कळू नये? नाही कळलं.

चादर पिळून आत येतो तर घरात बायकाच बायका! तोंडाला पदर. रामराव गिरणी बंद करून आलेला, भुवयांवर पीठ. आणि खाटेवर गोजरबाई. अनवाणी, कणकेचे हात. रुख्मिणीच्या छातीवर डोकं टाकून —

"रुख्मे! माय वं! अशी कशी गेली वं मले न सांगता! चार शेंगांसाठी मी बोलली नाही वं तुह्याशी... आता कोनाशी भांडू मी बाई, कोनाशी!"

मी ओरडतोय, अहो, ती आहे! ती आहे! कोण ऐकतं? स्पीकर रडतोय, बायका रडतायत, एकीनं मलाच धरून खाली बसवलं. "रडा सर, मोकळे व्हा."

आणि मग रुख्मिणीनं डावा हात उचलला आणि गोजरबाईच्या डोक्यावर ठेवला.

गोजरबाईनं जी किंकाळी फोडली! निम्म्या बायका दाराबाहेर. रुख्मिणी हसली. अर्ध्याच तोंडानं, पण हसली — पोळ्यानंतर पहिल्यांदा. आणि बोलली. स्पष्ट. मी ऐकलं, गोजरबाईनं ऐकलं.

"गोजरा."

इतके महिने मी हागणं-मुतणं काढतोय, जगभरातले गवई आणून तिच्या उशाशी बसवतोय, आणि पहिला शब्द गोजरा!

मागच्या खोलीत जाऊन रडलो. आनंदानंच. थोडं रागानंही.

३ फेब्रुवारी

पहिल्या गाडीनं सुवर्णा आली, रुख्मिणीची बहीण, जळगाव जामोदहून. पांढरं लुगडं. बस थांबते तिथपासून रडत रडत गल्लीत शिरली. आत आली तर बहीण उशीला टेकून पेज खातेय! मग माझ्यावर — "भाऊजी, जिती हाये तं फोन करता येत नाही का मानसाले?" काल इतके फोन आले, त्यात कोणाला सांगितलं आणि कोणाला राहिलं मला कळेना. जेवून, बहिणीशी बोलून, मला दोनदा शिव्या देऊन संध्याकाळच्या गाडीनं गेली.

सागरला कोणी कळवलं देव जाणे. गाडी करून निघाला होता. नगरपर्यंत आला होता. आई आहे म्हटल्यावर तिथूनच परत फिरला. "बाबा, ऑफिसात सगळ्यांना सांगून बसलो मी! ते गाणे बंद करा आधी."

अर्ध्या वाटेवर आला होतास ना रे. यायचं होतंस की. हे फोनवर बोललो नाही.

४ फेब्रुवारी

परसात दोन बांबू उभे आहेत. विहाराचा सचिव नागसेन, काल-परवा धावपळीत त्यानंच आणून ठेवले तिरडीसाठी. मी म्हटलं, घेऊन जा बाबा. तर हा इकडं तिकडं बघतो. मयतासाठी आणलेलं सामान परत नेत नाहीत. नागसेन दर रविवारी अंधश्रद्धेवर भाषण ठोकतो, पण बांबूला हात लावायला तयार नाही! "राहू द्या सर. वेल-बिल चढवा."

दोडक्याचं बी टाकलं बुडाशी.

५ फेब्रुवारी

आज वंदना झाल्यावर विहाराच्या भोंग्यावर नागसेनचा आवाज. "सर्व ग्रामस्थांना कळविण्यात येते की, इंद्रभान सरांच्या घरून रडण्याचा आवाज आल्यास कोणीही घाबरून जाऊ नये. ते सरांच्या घरचे विदेशी गाणे आहे. कृपया धावपळ करू नये. जयभीम."

गाव हसलं. मीही हसलो. रुख्मिणीच्या तोंडाची डावी बाजू हलली. पोरं आता दारावरून जाताना हेल काढून रडतात आणि पळतात. काढू दे.

१० फेब्रुवारी

गोजरबाई रोज येते. दुपारी कामं आटोपली की खाटेशेजारी बसते आणि हुकूम सोडते, "लावा सर, आज कोनता गाव?" आज आर्मेनिया. लाकडी पावा, एकच सूर धरून ठेवणारा. गोजरबाई बराच वेळ ऐकत राहिली.

"सर, याची बायको मेली असन."

"असं काही लिहिलेलं नाही."

"लिवाले काऊन लागते? आयकू येते ना."

मग रुख्मिणीला सांगत बसली — बाजारभाव, सून, कोणाची पोरगी पळाली, सात वर्षांचं सगळं. रुख्मिणी तिच्याकडे बघत होती. शब्द मात्र तो एकच. त्यानंतर काही नाही. मी गोजरबाईला म्हटलं, तुम्ही विचारून बघा, तुमचं ऐकेल. तिनं विचारलं, "रुख्मे, हे कोन हायेत सांग बरं?" माझ्याकडे बोट करून.

रुख्मिणीनं माझ्याकडे पाहिलं. ओळखलं, शंकाच नाही. ओठ जुळले. मग डोळ्यांतून पाणी आलं आणि हात आपटायला लागली.

पुन्हा विचारायचं नाही, असं ठरवलं.

१६ फेब्रुवारी

ताप. पेज ठसकते, नाकातून येते. गोकुळ आला, बसला, व्यायाम न घेताच उठला.

१८ फेब्रुवारी

गाडी करून बुलढाण्याला नेलं. छातीत कफ. गिळलेलं चुकीच्या नळीत जातंय म्हणे. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं, खांद्यावर हात ठेवला. डॉक्टर खांद्यावर हात ठेवतात तेव्हा पुढचं ऐकायची गरज नसते. "घरी न्या सर. सेवा करा."

येताना राजूर घाटात तिनं खिडकीकडे मान वळवली. झाडं सगळी वाळलेली. बघण्यासारखं काही नव्हतं, पण बघत होती.

सागरला कळवलं. म्हणाला, "बाबा, खरंच ना?" पोराचंही काय चुकलं! मार्चच्या पहिल्या आठवड्यात येतो म्हणाला.

२२ फेब्रुवारी

गोजरबाई हिवरा आश्रमला गेली, भाऊ खाटेवर आहे तिचा. जाताना रुख्मिणीच्या कानाशी लागून म्हणाली, "मी येईस्तोवर जाऊ नको बरं. अबोला धरीन."

छकुलीचे पेपर सुरू झाले. पुष्पांजली भिंतीवरून म्हणाली, "काका, आता तेवढं दिवसाचं जरा कमी आवाजात लावत जा." बरोबर आहे तिचं.

२६ फेब्रुवारी

नकाशासंग्रह छातीवर धरला. अल्बम नव्हता लावलेला, नुसतीच पानं उलटत होतो. तिनं बोट ठेवलं. समुद्रावर! मी विचारलं, इथं? इथं तर काहीच नाही गं, नुसतं पाणी आहे. बोट काढलं नाही. बराच वेळ आम्ही दोघं त्या निळ्या जागेकडे बघत बसलो.

लग्नानंतर एकदा म्हणाली होती, "मास्तर, समुद्र दाखवान का मले?" मी म्हणालो होतो, सुट्टीत. सुट्ट्या तपासणीत, निवडणुकीत, जनगणनेत गेल्या. ती पुन्हा बोलली नाही, मला पुन्हा आठवलं नाही.

१ मार्च

आता ती बोलणार नाही. हे एकदा लिहून ठेवतो म्हणजे पुन्हा पुन्हा आशा धरायला नको.

३ मार्च

स्पीकर माळ्यावर टाकला, रेडिओशेजारी. गाणं चालू असलं की तिचा श्वास ऐकू येत नाही. मला तेवढाच ऐकायचा आहे आता.

गोजरबाई अजून भावाकडेच आहे. दोडक्याचा कोंब वाढतोय. बांबूला टेकायला अजून वीतभर कमी आहे.

५ मार्च

सकाळी रुख्मिणी गेली. ऊन खाटेवर आलं होतं, मी चहा गाळत होतो.

मी रडलो. कधी रडलो नव्हतो तसा, तोंड उघडून, गळा काढून. दार सताड उघडं होतं. समोरून रामराव गेला, माझ्या दाराकडे बघून हसून हात केला, जाऊन गिरणी सुरू केली. पाण्याला चाललेल्या बायका गेल्या. कोणी आत आलं नाही.

भिंतीपलीकडून पुष्पांजली म्हणाली, "काका, आवाज जरा कमी करा ना. गणिताचा पेपर हाये छकुलीचा."

मी कमी केला.